नागपट्टिणमहून जाफन्याला बोटीने: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आम्ही श्रीलंकेला बोटीने जाऊन आलो हे कळल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "रामेश्वरहून सुटते ना ती बोट?" नाही. रामेश्वरहून सुटत नाही. एका ओळखीच्या कुटुंबाने याच समजुतीवर रामेश्वरची परतीसकट तिकिटं काढली आणि तिथल्या लॉजवाल्याने सांगेपर्यंत त्यांना काही कल्पना नव्हती.

समजूत चुकीची असली तरी ती हवेतून आलेली नाही. पूर्वी खरोखरच मद्रासहून आगगाडीने धनुष्कोडीला, तिथून बोटीने पलीकडे तलाईमन्नारला आणि पुन्हा आगगाडीने कोलंबोला, असा सलग प्रवास एका तिकिटावर होत असे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गाव आणि तिथला रेल्वेमार्ग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर रामेश्वर ते तलाईमन्नार बोट काही वर्षं चालली, आणि १९८० च्या दशकात श्रीलंकेतल्या यादवीच्या सुरुवातीला तीही थांबली. २०११ साली तुतिकोरिन ते कोलंबो अशी सेवा सुरू झाली, पण काही महिन्यांतच बंद पडली.

आता जी बोट आहे ती तमिळनाडूच्या नागपट्टिणम बंदरातून सुटते आणि श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफना द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर कांकेसंतुरै या बंदरात लागते. तिथे सगळे त्याला 'केकेएस' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, सोपं पडतं. अंतर साधारण ६० सागरी मैल, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. वेळ साधारण चार तास. ही सेवा १४ ऑक्टोबर २०२३ ला 'चेरियपाणी' नावाच्या बोटीने सुरू झाली आणि ईशान्य मोसमी पावसामुळे काही दिवसांतच थांबली. १६ ऑगस्ट २०२४ पासून 'शिवगंगै' ही १५० आसनांची बोट धावू लागली, नोव्हेंबरात हवामानामुळे पुन्हा खंड पडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फेऱ्या परत सुरू झाल्या.

हा इतिहास मुद्दाम सांगितला. या मार्गाचा स्वभाव त्यात दिसतो. ही बोट एसटीसारखी रोज ठरल्या वेळी सुटेल असं धरून जो आखणी करतो, तो फसतो. आम्ही मार्च २०२५ मध्ये गेलो, मी, माझा नवरा आणि माझी ६९ वर्षांची आई. सुरेख प्रवास झाला, पण आधी घोळही पुष्कळ झाले. ते तुमचे होऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी महिना ठरवा, तारीख नंतर

आपल्याकडे पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर हे डोक्यात इतकं पक्कं असतं की दिवाळीच्या सुट्टीत समुद्र शांत असणार असं आपण गृहीत धरतो. कोकणात ते बरोबर आहे. तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर नेमकं उलटं आहे. तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही याच दिवसांत येतात. म्हणजे आपली दिवाळीची आणि नाताळची सुट्टी, दोन्ही या बोटीसाठी सगळ्यात वाईट काळ. त्या दिवसांत सेवा बंद असते किंवा कधीही बंद होऊ शकते.

फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल हा काळ माझ्या मते उत्तम. समुद्र त्यातल्या त्यात नरम असतो आणि जाफन्यातला उन्हाळा अजून पुरता पेटलेला नसतो. जून ते सप्टेंबर बोट चालते, पण वारा जोरात असतो. जाफन्यातल्या नल्लूरच्या कंदस्वामी देवळाचा २५ दिवसांचा उत्सव जुलै ते सप्टेंबर यांच्या दरम्यान येतो. तो बघायची इच्छा असेल तर थोडी लाट सोसायची तयारी ठेवून जा. फक्त राहायची जागा फार आधी पकडा.

२. पुढे एक आणि मागे एक दिवस मोकळा सोडा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: बोटीच्या दिवसाला चिकटून दुसरं कुठलंही आरक्षण करू नका.

आमची फेरी हवामानामुळे एक दिवस पुढे गेली. निरोप आदल्या संध्याकाळी फोनवर आला. जाफन्यातल्या खोलीचे पैसे परत न मिळणारे होते, ते गेले. त्याच्या पुढचं कोलंबोच्या गाडीचं आरक्षणही गेलं. आईला वाईट वाटलं, तिला उगाच वाटायला लागलं की तिच्यासाठी बोटीने जायचं ठरवलं म्हणून हे झालं. खरं तर चूक माझी होती, मी सगळे दिवस एकमेकांना खेटून ठेवले होते.

तेव्हा जाताना नागपट्टिणमला एक दिवस जास्तीचा ठेवा आणि येताना जाफन्यात एक. बोट वेळेवर सुटली तर तो दिवस फुकट जात नाही, दोन्हीकडे बघण्यासारखं भरपूर आहे, त्याबद्दल पुढे सांगतेच. जाफन्यातली पहिल्या रात्रीची खोली रद्द करता येईल अशीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. आणि परतल्यावर लगेच सोमवारी कामावर हजर व्हायचं असेल, तर शनिवारची बोट धरू नका.

३. पासपोर्ट आणि ईटीए

बोट लहान आहे, अंतर कमी आहे, पण प्रवास परदेशाचाच आहे. नेपाळसारखं मतदार ओळखपत्र चालत नाही. पासपोर्ट हवा, तोही प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला.

श्रीलंकेत जायला भारतीयांना ईटीए काढावं लागतं, म्हणजे इंटरनेटवरून मिळणारी प्रवास-परवानगी. पर्यटनाचं ईटीए साधारण ३० दिवसांचं असतं. त्याचं शुल्क आणि नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, मधे भारतीयांना ते मोफतही होतं. म्हणून कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका, माझ्याही नाही. तिकीट काढायच्या आठवड्यात श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळावर जाऊन काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

इथला मोठा सापळा म्हणजे सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं. शोधल्यावर सगळ्यात वर तीच येतात. अर्ज तेच भरून देतात, पण वर स्वतःचं शुल्क लावतात. आईचा अर्ज माझ्या भावाने घाईत अशाच एका ठिकाणी भरला आणि दुपटीहून जास्त पैसे गेले. सरकारी पत्ता 'ईटीए डॉट गव्ह डॉट एलके' असा आहे. शेवटी 'गव्ह डॉट एलके' दिसल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका.

अर्जात पासपोर्ट नंबर भरताना शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची गल्लत होते. नाव पासपोर्टवर ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि पासपोर्टवर ते 'दिलेलं नाव' या रकान्यात जोडून आलेलं असतं. बँकेच्या पासबुकावर वेगळं, आधारवर वेगळं, पासपोर्टवर तिसरंच, अशी आपल्या पुष्कळ बायकांची अवस्था असते. इथे फक्त पासपोर्ट प्रमाण.

४. तिकीट

तिकीट बोट चालवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून काढता येतं. साधी आसनं आणि महागडी आसनं असे दोन वर्ग आहेत. चार तासांसाठी साधं आसन पुरे आहे. दोन्ही वर्ग वातानुकूलित आहेत. आत चांगलाच गारवा असतो, आईने शाल घेतली होती ती उपयोगी पडली.

आठवड्यातले सगळे दिवस बोट नसते, आणि कोणते दिवस असते तेही मोसमाप्रमाणे बदलतं. नागपट्टिणमहून ती सकाळी निघते आणि केकेएसहून दुपारी परत फिरते, एवढं आजवरचं गणित आहे. नेमकी वेळ तिकिटावर बघा. आणि 'हजर राहण्याची वेळ' आणि 'सुटण्याची वेळ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी वाचा. एक, किती किलो सामान तिकिटात धरलंय आणि जास्तीच्या किलोला किती पडतात. दोन, फेरी कंपनीने रद्द केली तर पैसे परत मिळतात की फक्त तारीख बदलून मिळते. तीन, तुम्ही स्वतः रद्द केलं तर काय कापतात. फॉर्मवर दिलेला मोबाइल नंबर चालू असलेलाच द्या, कारण फेरी पुढे गेल्याचा निरोप त्याच नंबरवर येतो. दलालाकडून तिकीट काढलंत तर त्याचा नाही, तुमचा नंबर नोंदवला आहे ना, ते तपासून घ्या. बंदरावर आम्हाला एक जोडपं भेटलं, त्यांचा निरोप त्रिचीतल्या दलालाच्या फोनवर पडून राहिला होता आणि ते आदल्या दिवशी पहाटे बंदराच्या बंद फाटकापाशी उभे होते.

५. नागपट्टिणम गाठणं

मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून आठवड्यातून एकदा कारैकाल एक्सप्रेस सुटते, ती नागपट्टिणमवरून जाते. तिचा वार तुमच्या बोटीच्या वाराशी जुळला तर सोन्याहून पिवळं. गोव्यातल्या लोकांना वास्को-द-गामा ते वेळांकण्णी ही साप्ताहिक गाडी आहे, तीही नागपट्टिणमवरूनच पुढे जाते. या गाड्या जुळल्या नाहीत तर चेन्नई गाठा आणि तिथून रात्रीची गाडी किंवा बस धरा. विमानाने यायचं असेल तर तिरुचिरापल्ली (त्रिची) जवळचं. तिथून तंजावर, तिरुवारूर करत रेल्वेने नागपट्टिणमला येता येतं.

आम्ही तंजावरला मुद्दाम एक रात्र थांबलो आणि तुम्हीही थांबावं असं मला मनापासून वाटतं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत. आई बोट फिरवत एकेक अक्षर लावत होती. घरापासून हजार किलोमीटरवर, ग्रॅनाइटवर आपली भाषा! तिथून नागपट्टिणम साधारण ८० किलोमीटर.

नागपट्टिणममध्ये राहायची सोय बेताची आहे. दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर वेळांकण्णी हे मेरीमाउलीचं तीर्थ आहे, तिथे यात्रेकरूंसाठी भरपूर लॉज आहेत. वसई-वांद्र्याकडच्या आणि गोव्याच्या लोकांना हे गाव सांगायला नको. मात्र २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या माउलीच्या सणाच्या दिवसांत तिथे खोली मिळत नाही आणि रस्तेही माणसांनी भरलेले असतात. त्या दिवसांत बोट धरायची असेल तर बंदराजवळच राहा.

तो जो मोकळा दिवस ठेवायला सांगितला, तो नागूरच्या दर्ग्यासाठी वापरा. नागपट्टिणमच्या उत्तरेला, पाचेक किलोमीटरवर. तिथला सगळ्यात उंच मिनार, १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह भोसले राजांनी बांधून दिलेला आहे.

रिक्षावाल्याला इंग्रजीत 'फेरी' म्हटलं तर कधी कळतं, कधी नाही. 'कप्पल' म्हणा, म्हणजे जहाज. लगेच कळतं.

६. आदल्या रात्री पिशवीत काय काय हवं

कागद एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, हाताशी:

- पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानाच्या दोन झेरॉक्स
- ईटीएच्या मंजुरीची छापील प्रत (फोनची बॅटरी बंदरावरच संपते)
- बोटीचं तिकीट, येण्याचं आणि जाण्याचं
- जाफन्यातल्या पहिल्या मुक्कामाचा पत्ता आणि फोन नंबर, कागदावर लिहिलेला
- प्रवास विम्याचा कागद
- रोजच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधं मूळ पाकिटातच
- एक पेन. फॉर्म भरायला पन्नास माणसं आणि पेनं दोन, असा प्रकार असतो

सामान मोठ्या एका बॅगेपेक्षा दोन लहान बॅगांत भरा. बॅगा एक्स-रे यंत्रातून काढायच्या, वजनाला ठेवायच्या, बोटीपाशी द्यायच्या, पलीकडे पुन्हा उचलायच्या, अशी उचलाउचल चारपाच वेळा होते.

घरून नेलेलं लोणचं, फरसाण चालतं, पण नीट सीलबंद असू द्या. नारळ, फळं, रोपं, बिया नेऊ नका.

आणि हे फार महत्त्वाचं. बंदराबाहेर किंवा रांगेत कुणी अगदी गोड बोलून म्हणेल, "माझं वजन जास्त होतंय, एवढी पिशवी तुमच्या नावावर न्या, पलीकडे माझा भाऊ घेईल." नाही म्हणा. म्हातारी बाई असली तरी नाही म्हणा. समुद्राच्या या पट्ट्यात सोन्याच्या आणि अमली पदार्थांच्या तस्करीवर दोन्ही देशांची करडी नजर असते. पिशवी ज्याच्या हातात सापडते, जबाब त्यालाच द्यावा लागतो.

७. बंदरावरची सकाळ

पोटात थोडं काहीतरी हवं, पण तडस लागेपर्यंत नको. दोन इडल्या, चटणी न घेता. सांबार नको, मोठा दुधाचा कॉफीचा ग्लासही नको. कारण आठव्या टप्प्यात कळेल.

क्रम असा असतो: फाटकावर तिकीट आणि पासपोर्ट दाखवणे, सामानाची तपासणी आणि वजन, कंपनीच्या टेबलावर चेक-इन, मग इमिग्रेशनचा शिक्का, मग कस्टम्स, मग बसून राहणे. विमानतळासारखंच सगळं, फक्त जागा लहान आणि माणसं ओळखीची वाटावीत इतकी थोडी. इमिग्रेशनवर आम्हाला विचारलं ते एवढंच: कशासाठी जाताय, किती दिवस, परत कसे येणार. सरळ उत्तरं द्या.

महागडा कॅमेरा किंवा बऱ्यापैकी दागिने अंगावर असतील तर जातानाच कस्टम्सकडे त्यांची नोंद करून कागद घ्या. परतताना 'हे तिकडून आणलं का' हा प्रश्न उद्भवत नाही. माझ्या मते मंगळसूत्र आणि हातातली एखादी बांगडी सोडून सोनं घरीच ठेवावं.

बंदराच्या आवारात फोटो काढू नका. दोन्ही बाजूंना. केकेएसला तर श्रीलंकेच्या नौदलाचा उत्तर विभागाचा तळच आहे. कुणी ओरडायच्या आधीच फोन खिशात ठेवलेला बरा.

८. समुद्रावरचे चार तास

नागपट्टिणम बंदर कडुवैयार नदीच्या मुखाशी आहे. बोट सुटते तेव्हा दोन्हीकडे मासेमारीच्या होड्या, जाळी आवरणारी माणसं, मागे दीपगृह, आणि पाणी अगदी तळ्यासारखं. सगळे खुशीत असतात. मुखातून बाहेर पडलं की पहिली लाट खालून उचलते आणि बोलणी हळूहळू थांबतात.

ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना बोट लागणार असं समजूनच चला. काय केलं तर त्रास कमी होतो, ते आमच्या अनुभवातून सांगते. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच आणा आणि निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर न विचारता काहीच घेऊ नका. बसायचं मधल्या भागात, शक्यतो मागच्या बाजूला. बोटीच्या नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकाला, हेलकावा सगळ्यात मोठा असतो. नजर खिडकीतून लांब, आकाश आणि पाणी जिथे मिळतं तिथे. फोनमध्ये डोकं खुपसलं की दहा मिनिटांत मळमळतं. आल्याचा तुकडा मीठ लावून तोंडात धरायचा, हा आईचा उपाय. तिच्यासमोर बसलेल्या दोन तरुण मुलांनाही तिने तो दिला आणि त्यांना बरं वाटलं.

सीटजवळ कागदी पिशव्या आहेत का ते बसल्या बसल्या बघून ठेवा. बोट डोलत असताना उठून फिरू नका, विशेषतः वयस्कर माणसांनी. स्वच्छतागृहात जायचं तर कुणीतरी सोबत जा आणि दाराची मूठ घट्ट धरा. लाइफ जॅकेट कुठे आहे आणि ते कसं बांधायचं हे सुरुवातीला सांगतात, तेव्हा गप्पा मारू नका.

मधे दीड-दोन तास दोन्ही किनारे दिसत नाहीत. फोनला रेंज नसते. आई तेव्हा खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "एवढ्याशा पाण्यासाठी इतकी वर्षं रस्ता बंद होता?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

९. केकेएसला उतरल्यावर

उतरताना घाई करू नका, पुढेही रांगच असते. श्रीलंकेचा आगमनाचा फॉर्म, इमिग्रेशन, सामान ओळखून घेणं, कस्टम्स. घड्याळ बदलायचं नाही, वेळ आपलीच आहे.

बंदराबाहेर पडलात की वाहनवाले गोळा होतात. जाफना शहर इथून अठरा-एक किलोमीटर. आधी भाव ठरवा आणि तो श्रीलंकन रुपयांत आहे की भारतीय, हे स्पष्ट विचारा. दोन्हीकडे 'रुपये'च म्हणतात आणि आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनहून जास्त मिळतात, म्हणजे या एका शब्दाच्या घोळात तिप्पट पैसे जाऊ शकतात. आमच्या मुक्कामाच्या घरमालकांनी आम्हाला न्यायला ओळखीचा टुकटुक पाठवला होता. तुम्हीही तसं आधीच सांगून ठेवलंत तर बरं, चार तासांच्या हेलकाव्यानंतर घासाघीस करायची ताकद उरत नाही.

केकेएसला रेल्वे स्टेशनही आहे, कोलंबोहून येणारा उत्तरेचा लोहमार्ग इथेच संपतो. यादवीत हा मार्ग पार उखडला गेला होता, तो भारतीय रेल्वेच्या इरकॉन कंपनीने पुन्हा बांधला आणि २०१५ मध्ये गाडी परत केकेएसपर्यंत आली. मात्र गाड्या मोजक्या आहेत. बोटीला जोडून गाडी मिळेल हे गृहीत धरू नका, आणि त्याच दिवशी कोलंबोला जायचा बेत तर अजिबात नको. चारशे किलोमीटर आहे ते.

जाफन्यात निदान तीन दिवस द्या. बंदरापासून जवळच कीरिमलै आहे, समुद्राला खेटून गोड्या पाण्याचे झरे. बायकांसाठी वेगळं कुंड आहे, साडीवर स्नान करता येतं. नल्लूरच्या देवळात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं, तेव्हा सोबत पंचा किंवा उपरणं असू द्या. जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय बघाच. १९८१ मध्ये ते जाळलं गेलं, सुमारे ९७,००० पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. आज ती पांढरी इमारत पुन्हा उभी आहे आणि आत शाळकरी मुलं अभ्यास करत बसलेली असतात. नुकतीच तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितं बघून आलेल्या माणसाला तिथे उभं राहवत नाही.

किल्ल्याबद्दल एक गोष्ट. जाफन्याचा किल्ला पोर्तुगिजांकडून डचांनी १६५८ मध्ये घेतला, आणि त्याच वर्षी त्यांनी पलीकडचं नागपट्टिणमही घेतलं. ही दोन्ही गावं तेव्हापासून एकमेकांची ओळखीची आहेत.

नैनातीवू बेटावर नागपूषणी अम्मनचं देऊळ आणि बौद्ध विहार दोन्ही आहेत. तिथे जायला कुरिकट्टुवान धक्क्यावरून होडी मिळते. विहारात बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढू नका, तो श्रीलंकेत मोठा अपमान समजला जातो.

शाकाहारी माणसाची जाफन्यात आबाळ होत नाही, इडिअप्पम (वाफवलेल्या तांदळाच्या शेवया), डोसा, वडे सगळीकडे. खाणाऱ्यांनी खेकड्याचं कालवण सोडू नये. तिखट आपल्या मालवणीच्या वरचं आहे.

१०. पैसे आणि फोन, थोडक्यात

फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत आपलं यूपीआय चालतं, पण ज्या दुकानात तो क्यूआर लावलेला आहे तिथेच, आणि तुमच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू केलेले असतील तरच. टुकटुकवाले, होडी, देवळाबाहेरची फुलवाली, हे सगळे रोख. जाफना शहरात एटीएम आहेत. आपल्या बँकेचं कार्ड परदेशात चालू करून घ्यायचं काम भारतात असतानाच करा, कारण ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि तिथे तो यायचा थांबू शकतो.

फोनचं रोमिंग न घेता डेटा चालू ठेवून बसू नका, बिल मोठं येतं. जाफन्यात पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्या. पण आपलं भारतीय सिम फोनमध्ये राहू द्या, बोटीचा निरोप त्याच्यावरच येणार आहे. निदान एसएमएस तरी येतील एवढं रोमिंग घेणं भाग आहे.

११. परतीची वाट

परतीच्या फेरीच्या दोन दिवस आधीपासून रोज कंपनीला विचारा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आकाश निरभ्र आहे म्हणून बोट सुटेलच असं नाही. जाफन्यात ऊन असतं आणि मधल्या समुद्रात वारा असतो.

दुसरी वाट माहीत असू द्या. केकेएसपासून थोड्याच अंतरावर पलाली येथे जाफन्याचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, तिथून चेन्नईला विमानं जातात. बोट सलग दोन दिवस रद्द झाली आणि रजा संपत आली तर तिथून घरी येता येतं. त्या तिकिटाएवढे पैसे वेगळे काढूनच निघा. आम्हाला ते लागले नाहीत, पण आईला घेऊन परमुलखात असताना तो आधार मनाला होता. ज्यांना जाताना बोट फार लागली, त्यांनी तर परतीला विमानच धरावं. त्यात काही कमीपणा नाही.

खरेदीत ताडाच्या पानांच्या टोपल्या आणि ताडगूळ घ्या, वजनाला हलकं आणि अस्सल तिथलं. सामानाची मर्यादा परतीलाही तितकीच कडक असते हे लक्षात ठेवा.

दुपारी केकेएसहून निघालेली बोट नागपट्टिणमला संध्याकाळी लागते. मग इमिग्रेशन, मग कस्टम्स, इथे भारतात येताना बॅगा जास्त बारकाईने उघडतात. बाहेर पडेपर्यंत अंधार झालेला असतो. त्या रात्रीची चेन्नईची गाडी धरायचा मोह होईल, धरू नका. गाडी चुकली तर स्टेशनवर रात्र काढावी लागते. खोली आधीच सांगून ठेवा, जेवा, झोपा. अंथरुणावर पडल्यावरही बराच वेळ आपण हेलकावतोय असं वाटत राहतं. घाबरू नका, सकाळपर्यंत ते जातं.